रुग्णाचे निवेदन आणि संसर्गरोगांचे वैद्यकीय शिक्षण

१. विषयप्रवेश

संसर्गजन्य रोगांचे निदान करावयास शिकणे म्हणजे रोगजंतू, त्यांचे वाहक, त्यांवरील औषधे आणि प्रयोगशाळेतील परीक्षा यांचे ज्ञान संपादन करणे, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज चुकीचा नाही. परंतु तो अपुरा आहे. रुग्णाच्या रक्ताची परीक्षा करावयाची की बेडक्याची, कोणत्या रोगाचा संशय धरून करावयाची आणि तोपर्यंत रुग्णाला इतरांपासून दूर ठेवावयाचे की नाही, हे सर्व निर्णय परीक्षेच्या आधी घ्यावे लागतात. त्या निर्णयांचा पहिला आधार म्हणजे रुग्णाने आपल्या आजाराविषयी केलेले निवेदन होय. वैद्यकीय विद्यार्थी त्याला ‘हिस्टरी’ म्हणतात. प्रस्तुत लेखात त्याला रुग्णनिवेदन म्हटले आहे. हे निवेदन भाषेत असते, आणि ती भाषा वैद्यकाची नसते, रुग्णाची असते.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने या विषयात लक्ष घालण्याचे कारण एवढेच. वैद्यकशास्त्रात ढवळाढवळ करण्याचा येथे हेतू नाही. रोगांविषयी मराठी भाषक ज्या रीतीने बोलतात तिची काही वैशिष्ट्ये दाखवावी, त्या वैशिष्ट्यांचा निदानावर कसा परिणाम होऊ शकतो हे स्पष्ट करावे, आणि अध्यापन रुग्णालयातील शिक्षणात त्यांना स्थान का असावे याचा विचार मांडावा, इतकीच या लेखाची मर्यादा आहे.

२. शिक्षणाची जागा

आपल्या नगरातील, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबाद व आजच्या छत्रपती संभाजीनगर येथील, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची स्थापना १९५६ साली झाली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबर महिन्यात मराठवाडा हैदराबाद राज्यातून द्विभाषिक मुंबई राज्यात आला. आपले विद्यापीठ १९५८ सालचे. म्हणजे महाविद्यालय विद्यापीठाहून वयाने थोडे वडीलच आहे. त्याला जोडलेल्या रुग्णालयाला सारा मराठवाडा ‘घाटी’ या एकाच नावाने ओळखतो. मराठवाड्याच्या जिल्ह्यांतून आणि लगतच्या बुलढाणा, जळगाव, अहिल्यानगर या जिल्ह्यांतूनही रुग्ण येथे येतात.

संसर्गरोगांचे शिक्षण अशा रुग्णालयात एकाच विभागात मिळत नाही. तापाचा रुग्ण औषधवैद्यकशास्त्र विभागात दाखल होतो. क्षयाचा रुग्ण उरोरोग विभागाकडे जातो. कुष्ठ व गुप्तरोग त्वचारोग विभागाकडे. लहान मुलांचा गोवर बालरोग विभागाकडे. जंतूंची ओळख सूक्ष्मजीवशास्त्र विभाग पटवितो, तर साथीचा माग काढण्याची रीत सामुदायिक वैद्यकशास्त्र विभाग शिकवितो. एम.डी. नंतर तीन वर्षांचा संसर्गरोगांचा स्वतंत्र डी.एम. अभ्यासक्रम भारतात अलीकडच्या काळात सुरू झाला असून त्याच्या जागा थोड्या आहेत. त्यामुळे हे रोग ओळखण्याचे काम आजही प्रामुख्याने सामान्य एम.बी.बी.एस. पदवीधर व तीन वर्षांचे निवासी डॉक्टर यांच्याकडेच राहते. या सर्व विभागांत समान असा जर एखादा धडा असेल, तर तो रुग्णाला प्रश्न विचारण्याचा होय. विद्यार्थी खाटेपाशी बसतो, रुग्णाला विचारतो, उत्तर इंग्रजीत लिहून घेतो आणि सकाळच्या फेरीत अध्यापकापुढे ते वाचून दाखवितो. मराठीतून इंग्रजीत होणाऱ्या या भाषांतराची परीक्षा मात्र कोणी घेत नाही.

विचारणारे व सांगणारे यांच्या भाषा पुष्कळदा निराळ्या असतात. शासकीय महाविद्यालयांतील एम.बी.बी.एस.च्या १५ टक्के आणि पदव्युत्तर वर्गाच्या ५० टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. त्यामुळे पुष्कळ निवासी डॉक्टर परप्रांतांतून येतात. दुसऱ्या बाजूस, रुग्ण केवळ प्रमाण मराठी बोलत नाहीत. मराठवाडी बोली, शहरातील व कसब्यांतील दखनी, बंजारा तांड्यांवरील गोरमाटी या सर्व भाषा एकाच कक्षात ऐकू येतात. जो डॉक्टर पुण्याचा वा मुंबईचा आहे त्यालाही यांपैकी सर्व कळते असे नाही.

३. संसर्गरोगांत निवेदनाचे विशेष महत्त्व

निवेदन सर्वच रोगांत महत्त्वाचे असते. मग संसर्गरोगांचा वेगळा विचार कशासाठी? याचे उत्तर असे की, या रोगांत तीन गोष्टींना निर्णायक मोल असते: काळ, स्थळ आणि संपर्क. डास चावल्यापासून साधारणतः ४ ते १० दिवसांत डेंग्यूची लक्षणे दिसू लागतात. टायफॉइडला बहुधा १ ते ३ आठवडे लागतात. पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशानंतर रेबीज काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी प्रकट होतो. म्हणून ताप केव्हा आला, त्यापूर्वी रुग्ण कोठे होता आणि घरात वा शेजारी आणखी कोण आजारी आहे, हे कळल्यावाचून संशयाची दिशाच ठरत नाही. या तीन प्रश्नांची उत्तरे कोणतेही यंत्र देत नाही. दुसरे असे की, येथील चूक एका रुग्णापुरती राहत नाही. हृद्रोगाचे निदान लांबले तर हानी त्या रुग्णाची होते. क्षयाचे निदान लांबले तर त्याच्या घरातील मुलांचीही होते.

४. दिवसांची मोजणी

प्रथम काळाचा प्रश्न घेऊ. मराठीत ‘आठ दिवस’ म्हणजे एक आठवडा, आणि ‘पंधरा दिवस’ म्हणजे दोन आठवडे. ज्या वारापासून मोजावयाचे तो वार आणि ज्या वारी संपते तो वार, असे दोन्ही धरून ही मोजणी होते. असे करणारी मराठी ही एकटी भाषा नव्हे. फ्रेंच भाषकही आठवड्याला ‘आठ दिवस’ आणि पंधरवड्याला ‘पंधरा दिवस’ असेच म्हणतात. परंतु व्यवहारात या संख्यांचा अर्थ आणखी सैल होतो. ‘आठ-पंधरा दिवस झाले’ असे रुग्ण म्हणतो तेव्हा त्याला ‘बरेच दिवस’ एवढेच म्हणावयाचे असते. क्षयरोगाच्या कार्यक्रमात मात्र दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला हा तपासणीचा निकष आहे. ‘आठ-पंधरा दिवस’ याचे ‘एक आठवडा’ असे टिपण झाले तर रुग्ण निकषाबाहेर राहतो आणि खोकल्याचे औषध घेऊन घरी जातो.

‘परवा’ या शब्दाची अडचण याहून मोठी आहे. तो भूतकाळातील दुसरा दिवसही दाखवितो, भविष्यातील दुसरा दिवसही दाखवितो, आणि सैलपणे ‘अलीकडेच केव्हातरी’ एवढाच अर्थही देतो. क्रियापदाच्या काळावरून पहिल्या दोन अर्थांतील संदिग्धता मिटते. तिसरी मिटत नाही.

यावर उपाय प्रश्न बदलण्याचा आहे. ग्रामीण रुग्णाला तारीख सांगता येत नसली तरी घटनांची सांगड अचूक घालता येते. ‘पोळ्याच्या आधी की नंतर?’, ‘गेल्या बाजाराला गेला होता तेव्हा ताप होता का?’, ‘ताप आला त्या दिवशी रानात काय काम चालू होते?’ अशा प्रश्नांना मिळणारे उत्तर ‘किती दिवस झाले?’ या प्रश्नाच्या उत्तराहून पुष्कळ भरवशाचे असते. आठवडी बाजाराचा वार ठरलेला असल्यामुळे त्यावरून दिवस मोजणे डॉक्टरालाही सोपे जाते.

स्थळाच्या प्रश्नातही अशीच अडचण आहे. ‘मागच्या महिन्यात प्रवास केला का?’ या पुस्तकी प्रश्नाला बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार प्रामाणिकपणे ‘नाही’ असे उत्तर देईल. दसऱ्याच्या सुमारास कुटुंबासह निघून पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात कोपीत राहून ऊस तोडणे हा त्याच्या लेखी प्रवास नसतो. तो ‘कारखान्याला गेलेला’ असतो. पंढरीची वारी हाही प्रवास नव्हे, ती वारी होय. प्रवास या शब्दाचा अर्थ त्याला माहीत नसतो असे नाही. परंतु त्याच्या अर्थाच्या कक्षेत या गोष्टी बसत नाहीत. म्हणून ‘कारखान्याला गेला होता का? वारीला? लग्नाला? लेकीकडे?’ असे निरनिराळे विचारावे लागते.

५. तापाची नावे

आता रोगनामांकडे वळू. मराठीतील तापाच्या नावांचे तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग तापाची तीव्रता व अनुभव सांगणाऱ्या शब्दांचा: कसर, कणकण, ताप, हुडहुडी, फणफण. दुसरा वर्ग तापाची चाल सांगणाऱ्या शब्दांचा: हिवताप, एकांतरा, मुदतीचा ताप. तिसरा वर्ग शास्त्रीय म्हणून घडविलेल्या वा संस्कृतातून घेतलेल्या नावांचा: विषमज्वर, आंत्रज्वर इत्यादी.

पहिल्या वर्गातील शब्द निदानाला अतिशय उपयोगी असतात, पण परभाषकाच्या कानांवरून ते निसटतात. ‘अंगात कसर आहे’ हे वाक्य संध्याकाळी येणाऱ्या बारीक तापाचे नेमके वर्णन आहे आणि क्षयाचा संशय घेण्यास ते पुरेसे ठरू शकते. हिंदीत ‘कसर’ म्हणजे उणीव. हिंदी भाषक निवासी डॉक्टर या वाक्यातून अशक्तपणाचा अर्थ काढील, आणि तापाची नोंद होणार नाही. हिंदीने काम भागते असे म्हणणाऱ्यांनी अशा शब्दांचा विचार करावा. मराठीत ‘सर्दी’ म्हणजे पडसे. हिंदीत व दखनीत ती थंडीही असते. मराठीत ‘जुलाब’ हा आजार आहे. उर्दूत तो प्रायः रेचक औषधाला म्हणतात. दोन भाषांचे शब्द जितके सारखे दिसतात तितकी चूक ध्यानात येणे अवघड जाते.

दुसऱ्या वर्गातील नावे एका जुन्या निरीक्षणपद्धतीचे अवशेष आहेत. एक दिवस सोडून येणारा ताप तो एकांतरा. संस्कृत वैद्यकात यालाच ‘तृतीयक’ म्हटले आहे, आणि लॅटिनमधील त्याचे नावही ‘तिसऱ्या दिवसाचा’ असेच आहे. ४८ तासांनी येणाऱ्या तापाला ‘तिसऱ्या दिवसाचा’ म्हणावयाचे, तर पहिला दिवसही मोजणीत धरावा लागतो. वर ‘आठ दिवस’ या प्रयोगात दिसली तीच ही रीत होय. ‘मुदतीचा ताप’ म्हणजे टायफॉइड, कारण उपचारांवाचून तो तीन-चार आठवड्यांची मुदत पुरी करून उतरत असे. १९४८ साली क्लोरॅम्फेनिकॉल या औषधाचा टायफॉइडवरील गुण दिसून आला आणि तेव्हापासून ही मुदत पुरी होऊ देण्याचे कारण उरले नाही. नाव मात्र राहिले. आज एखादी आजी ‘नातवाला मुदतीचा ताप आहे’ असे म्हणते, तेव्हा तिला ‘बरेच दिवस न उतरणारा ताप’ असे म्हणावयाचे असू शकते किंवा पूर्वी एखाद्या डॉक्टराने केलेले निदान ती सांगत असू शकते. यांतील कोणता अर्थ अभिप्रेत आहे हे विचारावे लागते.

तिसऱ्या वर्गात सर्वांत मोठा गोंधळ आहे. ‘विषमज्वर’ हा चरकाच्या काळापासूनचा शब्द. संतत, सतत, अन्येद्युष्क, तृतीयक व चतुर्थक असे त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत. चढउताराची वेळ विषम म्हणून तो विषमज्वर. यांतील शेवटचे दोन प्रकार आजच्या हिवतापाशी मिळतेजुळते आहेत. आधुनिक मराठीत मात्र विषमज्वर हे नाव टायफॉइडसाठी रूढ झाले आहे. परिणामी आयुर्वेद शिकलेला वैद्य आणि शासकीय पत्रक वाचलेला शिक्षक हे दोघेही ‘विषमज्वर’ म्हणतात, पण एकाच्या मनात हिवतापाच्या जातीचा ताप असतो व दुसऱ्याच्या मनात टायफॉइड. एकाचा प्रसार डासाने होतो, दुसऱ्याचा दूषित अन्नपाण्याने. कुष्ठरोगाचे जुने नाव ‘रक्तपिती’ याचीही कथा अशीच आहे. आयुर्वेदातील ‘रक्तपित्त’ हा रक्तस्रावाचा विकार असून त्याचा कुष्ठाशी संबंध नाही.

यावरून निघणारा नियम साधा आहे. रुग्णाने रोगाचे नाव सांगितले तर ते टिपून घ्यावे. परंतु तेवढ्यावर न थांबता ‘म्हणजे काय काय होते?’ असे विचारावे. लोकांच्या वापरातील रोगनाम हा निष्कर्ष असतो, आणि तो कशावरून काढला हे कळल्यावाचून डॉक्टराला त्याचा उपयोग होत नाही.

६. एका शब्दाने बिघडणारा नमुना

भाषेमुळे केवळ निवेदनच नव्हे, तर प्रयोगशाळेतील परीक्षाही बिघडू शकते. क्षयाच्या तपासणीला छातीतून खोकून काढलेला कफ लागतो. त्यासाठी मराठीत पुष्कळदा ‘थुंकी’ हा शब्द वापरला जातो. परंतु बोलीत थुंकी म्हणजे तोंडातील लाळ. छातीतून येतो तो बेडका. ‘या डबीत थुंकी आणा’ असे सांगितल्यास रुग्ण आज्ञेचे तंतोतंत पालन करतो आणि लाळ आणून देतो. लाळेत जंतू सापडण्याचा संभव कमी असतो, आणि ‘जंतू आढळले नाहीत’ असा अहवाल येतो. परीक्षा सूक्ष्मदर्शकाने केली काय किंवा नव्या काडतूस-यंत्राने केली काय, नमुनाच चुकीचा असल्यावर यंत्राची अचूकता व्यर्थ ठरते. याउलट ‘सकाळी उठल्यावर चूळ भरा, खोल श्वास घ्या, जोराने खोका आणि छातीतून आलेला बेडका या डबीत टाका’ असे सांगण्यास अर्धे मिनिट लागते.

अशीच दुसरी जोडी ‘हगवण’ आणि ‘आव’ यांची. पाण्यासारखे होणारे जुलाब व शेंबडासारखा पदार्थ पडून मुरडा येणे यांत मराठी भाषक स्पष्ट भेद करतो, आणि तो भेद वैद्यकदृष्ट्याही खरा आहे. इंग्रजी टिपणात दोहोंसाठी एकच शब्द आला की रुग्णाने विनामूल्य दिलेली माहिती वाया जाते. म्हणजे लोकभाषा सर्वत्र संदिग्ध आणि शास्त्रभाषा सर्वत्र निश्चित, असे समजण्याचे कारण नाही. कित्येकदा निश्चितपणा रुग्णाच्या शब्दांत असतो व संदिग्धता टिपणात शिरते.

७. देवता, लज्जा आणि मध्यस्थ

काही रोगांची नावे थेट उच्चारली जात नाहीत. देवीच्या रोगाला मराठीने देवतेचेच नाव दिले. तो रोग ‘होत’ नसे, देवी ‘येत’. लस टोचण्यालाही ‘देवी काढणे’ हाच प्रयोग रूढ झाला, म्हणजे रोग व त्याचा प्रतिबंध ही दोन्ही एकाच शब्दाच्या आश्रयाने राहिली. १९७५ साली भारतातून हा रोग नाहीसा झाला, आणि १९७७ साली भारत देवीमुक्त असल्याचे प्रमाणित झाले. शब्द मात्र गेला नाही. अंगावर पुरळ उठलेल्या मुलाविषयी ‘देवी आल्या’ असे आजही कोणी म्हणाले तर तो कांजिण्यांचा किंवा गोवराचा प्रकार असणार. ज्या घरात देवी ‘आली’ असे मानतात तेथे औषधाची घाई न करण्याकडे कल असतो. त्या कलाचा उपहास करणाऱ्या डॉक्टराला पुढची माहिती मिळत नाही. त्याने तोच शब्द स्वीकारून ‘देवी आल्यापासून मूल दूध पिते का? दम लागतो का? शेजारी कोणाकडे आल्या आहेत का?’ असे विचारले तर सर्व काही कळते.

लज्जेच्या शब्दांचीही हीच गोष्ट. ‘गरमी’, ‘परमा’ हे गुप्तरोगांचे जुने शब्द पुरुषांच्या तोंडी येतात. स्त्रिया ‘अंगावरून जाते’ एवढेच म्हणतात. परप्रांतीय डॉक्टराला त्यातून काहीच बोध होत नाही, आणि पडद्याआड दुसरी खाट असताना अधिक स्पष्टीकरण मागणेही योग्य नसते.

अशा वेळी मध्यस्थ लागतो. तो बहुधा नातेवाईक असतो, आणि नातेवाईक भाषांतर करीत नाही, स्वतःचे मत सांगतो. सासूच्या आजाराचे वर्णन सून करते, बायकोच्या आजाराचे नवरा करतो. ‘तिला काही नाही, नुसता अशक्तपणा आहे’ हे वाक्य रुग्णाचे नसून मध्यस्थाचे आहे, हे टिपणात दिसत नाही. नातेवाइकाहून अधिक भरवशाचे दुभाषी म्हणजे कक्षातील परिचारिका आणि ज्यांना सर्वजण ‘मामा’ व ‘मावशी’ म्हणतात ते कर्मचारी. बोली, गाव आणि आजार यांची त्यांची जाण मोठी असते. पण ते त्यांचे काम म्हणून कोठेही नोंदलेले नसते.

८. मामला, १९९४

आतापर्यंत सांगितलेल्या गोष्टींचे गांभीर्य एका घटनेवरून ध्यानात येईल. भारतात १९६६ नंतर माणसांत प्लेगचा रुग्ण नोंदला गेला नव्हता. १९९४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बीड जिल्ह्यातील मामला या गावी गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले; सप्टेंबरमध्येच सुरत येथे फुप्फुसाच्या प्लेगने हाहाकार उडविला. मामल्याच्या लोकांनी आधी पिसवांचा उपद्रव व नंतर उंदीर मरून पडत असल्याचे सांगितले होते. आदल्या वर्षीच्या ३० सप्टेंबरचा किल्लारीचा भूकंप मराठवाड्याच्या स्मरणात ताजा होता आणि भयामुळे काही काळ सोडलेल्या घरांतील धान्यावर उंदरांची वाढ झाली, असे तेव्हा मानले गेले.

येथे शिक्षणाचा प्रश्न उभा राहतो. १९६६ पासून १९९४ पर्यंतच्या २८ वर्षांत वैद्यकीय महाविद्यालयांतून बाहेर पडलेल्या डॉक्टरांना प्लेग केवळ पुस्तकातून ठाऊक होता. १८९६ साली मुंबईत साथ आली त्या पिढीच्या मराठीत ‘ग्रंथिक संनिपात’ हे पंडिती नाव होते आणि ‘गाठीचा ताप’ हे लोकांचे. पुढे दोन्ही मागे पडून ‘प्लेग’ तेवढा उरला. आता कल्पना करा की, जांघेत दुखरी गाठ आणि अंगात ताप असलेला शेतकरी डॉक्टराकडे येतो. पायात काटा मोडला वा जखम झाली म्हणजे जांघेत गाठ येते, तिला ग्रामीण मराठीत ‘अवधाण’ म्हणतात. तो शेतकरी म्हणेल, ‘अवधाण आलंय.’ हा शब्द ठाऊक नसलेला डॉक्टर गोंधळेल. केवळ शब्द ठाऊक असलेला डॉक्टर काटा मोडला असेल असे समजून स्वस्थ बसेल. शब्दही ठाऊक आणि संसर्गरोगांचे शिक्षणही चांगले झालेले असा जो डॉक्टर असेल तो मात्र पायावर जखम आहे का ते पाहील, आणि ती नसल्यास विचारील: ‘घरात उंदीर मरून पडले का? पिसवा झाल्या आहेत का? आणखी कोणाला गाठ आली आहे?’ यांतील दुसऱ्या व तिसऱ्या डॉक्टरांत जे अंतर आहे ते भरून काढणे हेच अध्यापन रुग्णालयाचे काम होय. दुर्मिळ रोगाच्या बाबतीत प्रत्यक्ष रुग्ण दाखविता येत नाही. पण तो कोणत्या शब्दांत सांगितला जाईल हे आधीच शिकविता येते.

कोविडच्या २०२० सालच्या साथीत याच प्रश्नाची दुसरी बाजू दिसली. रोगी नसलेल्या पण संपर्कात आलेल्या माणसाला वेगळे ठेवणे यासाठी ‘अलगीकरण’ आणि रोग्याला वेगळे ठेवणे यासाठी ‘विलगीकरण’ असे दोन शब्द शासकीय मराठीने वापरले. भेद तर्कशुद्ध होता. पण केवळ एका उपसर्गाच्या फरकाने वेगळे ओळखावयाचे हे शब्द लोकांच्या कानांना एकच वाटले, आणि व्यवहारात दोहोंसाठी ‘क्वारंटाइन’ हाच शब्द रुळला. परिभाषा घडविणाऱ्यांनी शब्दाच्या व्युत्पत्तीइतकाच तो कानाला कसा लागेल याचाही विचार केला पाहिजे, एवढा बोध यातून घेता येईल.

९. काय करता येईल

२०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमात वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी पायाभूत वर्ग ठेवला असून त्यात स्थानिक भाषेच्या शिक्षणाला स्थान आहे. वृत्ती, नीती आणि संवाद यांचा पाठही त्याच अभ्यासक्रमाचा भाग आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा पातळीवरील रुग्णालयात काम करावे लागते. तेव्हा नवीन व्यवस्था उभारण्याची गरज नाही. आहे तिच्यात आशय भरावयाचा आहे. त्या दृष्टीने चार सूचना कराव्याशा वाटतात.

पहिली: शब्दसूची रोगांच्या नावांनुसार न करता तक्रारींनुसार करावी. ‘टायफॉइडला मराठीत काय म्हणतात’ हे डॉक्टराला फारसे लागत नाही; ‘कसर, कणकण, हुडहुडी यांत काय फरक आहे’ हे लागते. प्रत्येक शब्दासोबत तो कोणत्या भागात व कोणाच्या तोंडी आढळतो हे नोंदवावे आणि दखनी व गोरमाटी पर्याय द्यावेत.

दुसरी: प्रश्नांची वाक्ये तयार करून ती रुग्णांसमोर तपासून घ्यावी. शब्द बरोबर असूनही वाक्य चुकीचे असू शकते, हे ‘प्रवास केला का?’ या उदाहरणावरून दिसलेच आहे.

तिसरी: रुग्णाचे मूळ शब्द टिपणात देवनागरीत तसेच लिहावे आणि शेजारी इंग्रजी अर्थ द्यावा. त्यामुळे अध्यापकाला भाषांतर तपासता येईल, आणि काही वर्षांत मोलाचा शब्दसंग्रह आपोआप जमेल. रुग्णाचे नाव व ओळख त्यातून वगळणे अर्थातच अवश्य आहे.

चौथी: प्रात्यक्षिक परीक्षेत एक भाग असा असावा की, विद्यार्थ्याने मध्यस्थावाचून दहा मिनिटे रुग्णाशी बोलून काळ, स्थळ व संपर्क या तीन प्रश्नांची उत्तरे मिळवावी. परीक्षेत जे विचारले जाते तेच विद्यार्थी शिकतात, हे आपण अध्यापकांना वेगळे सांगावयास नको.

यांवर असा आक्षेप येईल की, प्रयोगशाळा जसजशा सुधारतील तसतशी निवेदनाची गरज कमी होईल. परंतु कोणतीही परीक्षा कोणाच्या तरी मनात संशय आल्यावाचून होत नाही. परीक्षा जितक्या अधिक व महाग, तितके त्यांतून योग्य ती निवडण्याचे काम अवघड. आणि ती निवड निवेदनावरच आधारलेली असते. वैद्यकीय अभ्यासक्रम आधीच भरगच्च आहे, हा दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. त्याचे उत्तर असे की, यातील पुष्कळसे काम वैद्यकीय महाविद्यालयाने करावयाचे नसून भाषेच्या विभागांनी करावयाचे आहे.

१९९८ साली नाशिक येथे आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि त्यानंतर वैद्यकीय शिक्षणाचा कारभार सर्वसाधारण विद्यापीठांकडे राहिला नाही. कारभार वेगळा झाला तरी गाव तेच आहे आणि रुग्णही तेच आहेत. आपल्याकडे पदव्युत्तर विद्यार्थी प्रबंधासाठी विषय शोधत असतात. मराठवाडी बोलीतील आजारांची परिभाषा, तिच्यातील क्रियापदांचे प्रयोग, दखनी व गोरमाटी यांच्याशी तिची होणारी देवघेव, हे विषय भाषाशास्त्राच्या दृष्टीने अस्सल आहेत आणि त्यांची सामग्री विद्यापीठापासून काही मैलांवर रोज बोलली जात आहे. ती पद्धतशीर गोळा झाली तर आपल्या शास्त्राला नवी माहिती मिळेल, आणि बेडक्याऐवजी लाळ घेऊन येणाऱ्या रुग्णांपैकी काहींचे निदान तरी वेळेवर होईल.